अक्षराखालची रेघ

पुणे,
१४ जुलै २०२५

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

सोबत पोथीचं पहिलं प्रूफ पाठवते आहे. मोबाईलवर पाठवणं सोपं होतं, पण मागच्या वेळी तुम्ही पाटीवर लिहून दाखवलं होतंत, 'काचेवर मला स्वर दिसत नाहीत', म्हणून छापून कुरियर केलं. तुम्हीही कागदावरच लिहा. ऑपरेशनमध्ये आवाज गेल्यापासून आई फोनवर तुमची पाटी वाचून दाखवतात खऱ्या, पण तुम्ही कुणाला रागावून लिहिलेलं असलं की तेवढं त्या गाळतात, हे मला कळतं.

विहंगला जाऊन आता दोन वर्षं होतील. सिन्नरजवळच्या त्या अपघातानंतर त्याचा लॅपटॉप मी उघडलाच नव्हता. मेमध्ये उघडला. तुमच्याकडून शिकलेला सगळा नित्यपाठ त्याने स्वरांच्या खुणांसकट उतरवून ठेवला होता, हे तुम्हाला तेव्हाच कळवलं. ऑफिसातून आला की जेवायच्या आधी थोडं टाइप करायचा आणि करताना पुटपुटायचा. मी चिडवायचे, तर म्हणायचा, 'आवाज केल्याशिवाय रेघ कुठे घालायची ते आठवत नाही.'

त्याने ते ठेवलंय एक्सएमएलमध्ये. म्हणजे मजकुरात आधी सांगून ठेवायचं की हे शीर्षक, हा मंत्र, ही टीप; मग प्रोग्रॅम आपणहून पानं रचून पीडीएफ काढतो. आमच्या ऑफिसात पंपांची आणि कॉम्प्रेसरची माहितीपुस्तकं अशीच निघतात. ही पद्धत त्याने माझ्याकडूनच उचलली होती. त्यामुळे पोथी मी पुरी करावी हे बरोबरच आहे.

पहिलं प्रूफ चांगलं नाही, आधीच सांगते. पुष्कळ ठिकाणी '#' असं चिन्ह आलंय. आमच्या पुस्तकात असं होत नाही, कारण पंपाला स्वर नसतात. तुम्ही फक्त कुठे काय हवं ते तांबड्या पेनाने दाखवा. बाकीचं मी बघते.

प्रकृतीचं खरं खरं लिहा.

तुमची,
तेजश्री


नाशिक,
२२ जुलै २०२५

चि. तेजश्री,
अनेक आशीर्वाद.

प्रूफ पोचले. तांबड्या पेनाची शाई संपली, दुसरे आणवले, यावरून काय ते समज.

ते जाळीसारखे चिन्ह काय म्हणून आल्हादला विचारले. तो म्हणाला, काका, याला हॅश म्हणतात. आमच्या शाखेत हॅश नाही. तिथे सगळीकडे 'गुं'चे चिन्ह हवे. अनुस्वारापुढे श, स, ह, र आले की आम्ही माध्यंदिन लोक त्याचा उच्चार 'गुं' करतो, आणि त्यासाठी चंद्रकोरीसारखे स्वतंत्र चिन्ह आहे. विहंगने ते नक्की घातले असणार. तो विसरणार नाही.

दुसरे. मधल्या चारसहा पानांवर रेघाच नाहीत. तुला ठाऊक असेलही, तरी लिहितो. अक्षराखाली आडवी रेघ असली तर स्वर खाली. डोक्यावर उभी असली तर तो वरून उतरता. काहीच खूण नसली तर वर. म्हणजे रेघा गळाल्या की सगळीच अक्षरे वर जातात. त्याला वेद म्हणत नाहीत, ओरडणे म्हणतात.

आल्हाद दर रविवारी येतो. विहंग आणि तो एकाच सतरंजीवर शिकले. तो ओझरला विमानाच्या कारखान्यात आहे, आता एका मुलीचा बाप झाला आहे, तरी माझ्यासमोर बसला की पूर्वीसारखाच घाबरतो. तो म्हणतो आणि मी हात करतो. खालच्या स्वराला हात छातीशी, वरच्याला कपाळाशी, तिसऱ्याला कानाजवळ. आमच्याकडे हाताने स्वर दाखवायची रीत पूर्वापार आहे. गळा काढून घेतला तरी हात राहिला. ऋग्वेद्यांचे अशा वेळी काय होत असेल कोण जाणे.

सिंहस्थाच्या कामासाठी रामकुंडाकडचे रस्ते खोदून ठेवले आहेत. माझे संध्याकाळचे फिरणे बंद. घरात बसून प्रूफ पाहणे एवढाच उद्योग, तेव्हा पुढचे लवकर पाठव.

प्रकृती उत्तम.

यज्ञेश्वर


पुणे,
३ ऑगस्ट २०२५

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

तुमचं बरोबर होतं. विहंग विसरला नव्हता. फाइलमध्ये 'गुं'चं चिन्ह प्रत्येक ठिकाणी आहे. ते कागदावर का येत नव्हतं ते सांगते.

फॉन्ट म्हणजे जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांच्या पेटीसारखा. जो खिळा पेटीत नाही तो प्रोग्रॅम लावणार कुठून? तिथे तो '#' ठेवतो आणि पुढे जातो. मी ज्या पेटीतून पुस्तक काढत होते तिच्यात मराठीची सगळी अक्षरं होती, वेदाची नव्हती. म्हणून सेटिंगमध्ये लिहिलं की एवढ्या खुणा दुसऱ्या फॉन्टमधून आण.

'#' गेले. पण नवीनच दुखणं आलं. अक्षर एका फॉन्टचं आणि त्याखालची रेघ दुसऱ्याची, त्यामुळे रेघ अक्षराला चिकटेना. ती बाजूला सरकायची आणि ठिपक्यांच्या एका वर्तुळाखाली जाऊन बसायची. खूण एकटी पडली की यंत्र तिला टेकायला असं रिकामं वर्तुळ काढून देतं. अख्ख्या पानावर ती वर्तुळं बघून मी लॅपटॉप मिटून टाकला आणि स्वयंपाकाला लागले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मयूर म्हणून सहकारी आहेत, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, 'खुणा वेगळ्या काढूच नका. मंत्राचं अक्षर आणि त्याची खूण एकाच फॉन्टमधून येऊ द्या, मराठी अर्थ हवा तर दुसऱ्यातून घ्या.' विहंगने मंत्र आणि अर्थ वेगवेगळे नोंदवून ठेवले होते म्हणून हे जमलं. एका ओळीचा बदल, आणि सगळ्या रेघा आपापल्या अक्षराखाली येऊन उभ्या राहिल्या. मी ऑफिसात रडले. मयूर चहा आणायला म्हणून उठून गेले.

नवी पीडीएफ आल्हाददादांना पाठवली आहे, ते तिकडेच छापून आणतील म्हणजे कुरियरचे चार दिवस वाचतील.

'उत्तम' हा शब्द तुम्ही प्रत्येक पत्रात लिहिता. जेवण किती जातं ते लिहा.

तुमची,
तेजश्री


नाशिक,
१२ ऑगस्ट २०२५

चि. तेजश्री,
अनेक आशीर्वाद.

आल्हादने कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले. 'गुं' आले, परंतु आता रेघांच्या जागी रिकामे चौकोन आहेत. आल्हादच्या मोबाईलवर पाहिले तर रेघा दिसतात. कागदावर चौकोन. मायाच म्हणायची.

मयूर यांना माझे आभार सांग. त्यांना वेदाची आवड आहे की फॉन्टची? चहाला उठून गेले, यावरून माणूस समजूतदार दिसतो.

जेवणाचे विचारलेस. घास लहान झाले, वेळ वाढला. तुझी सासू समोर बसून मोजते, म्हणून मी भाताखाली पोळी लपवतो.

एक सांगतो. या पानांमध्ये विहंगचा हात दिसतो. शब्द कुठे तोडायचा, श्वास कुठे घ्यायचा, तिथे त्याने दुप्पट जागा सोडली आहे. त्याला मी श्वासावरून फार टोकायचो. प्रूफ वाचताना मी नकळत त्याच ठिकाणी थांबतो. आता मी गळ्याच्या भोकातून श्वास घेतो, मला थांबायची गरज नाही, तरी थांबतो.

चौकोनांचे बघ.

यज्ञेश्वर


पुणे,
२४ ऑगस्ट २०२५

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

माया नव्हे, माझी चूक. फॉन्ट मी पीडीएफच्या आतच बांधून पाठवायला हवा होता. माझ्या आणि आल्हाददादांच्या यंत्रात तो निघाला म्हणून आम्हाला रेघा दिसल्या. झेरॉक्सवाल्याकडे तो नव्हता, म्हणून त्याच्याकडे चौकोन. आता बांधला आहे, कुठेही छापलं तरी तेच दिसेल. तरी खात्रीसाठी मी स्वतः छापून सोबत पाठवते. पानं मी एकेक करून पाहिली आहेत. मला एकही चौकोन दिसला नाही.

म्हणजे बाबा, पोथी बहुतेक झालीच. तुम्ही एकदा हो म्हणालात की छापायला देते.

गणपतीत यायला जमणार नाही. माझ्या माहेरी थोडं काम निघालंय. विशेष काही नाही, भेटल्यावर बोलू. आईंना सांगा, उकडीच्या मोदकांचा माझा वाटा आल्हाददादांच्या मुलीला द्या.

तुमची,
तेजश्री


नाशिक,
४ सप्टेंबर २०२५

चि. तेजश्री,
आशीर्वाद.

पोथी झाली असे समजू नकोस. नव्या प्रुफातही चौकोन आहेत. नववे पान पाहा. एकोणिसावे पाहा. शेवटून तिसऱ्या पानावर उभी रेघ किंचित डावीकडे झुकल्यासारखी वाटते. घाईने काही होत नाही. विहंगला मी एकेक अध्याय वर्ष वर्ष दिला.

माहेरचे काम झाले असेल तर कळव. काम कसले होते ते लिहायचे राहून गेले तुझे.

प्रकृती उत्तम.

यज्ञेश्वर


नाशिक,
९ सप्टेंबर २०२५

चि. तेजश्रीस शैलाचे आशीर्वाद.

मी काही पत्र लिहिणाऱ्यातली नाही, तुला माहीत आहे. फोनवर बोलले असते, पण फोन वाजला की हे उठून जवळ येऊन बसतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. आत्ता आल्हादबरोबर दवाखान्यात गेलेत, तेवढ्यात लिहिते.

दवाखान्यात का, तर दुखणं परत आलंय. यावेळी फुप्फुसात. ऑगस्टमध्ये सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, 'काकू, आता त्रास कमी करणं एवढंच आपल्या हातात.' ह्यांनी मला पाटीवर लिहून शपथ घातली की तेजूला कळवायचं नाही, ती धावत येईल आणि नोकरी घालवेल. शपथ मोडली. देव बघून घेईल.

आता दुसरं. ते चौकोन. तेजू, चौकोन कुठेच नाहीत. आल्हादने रविवारी भिंग लावून सगळी पानं पाहिली. तो म्हणाला, 'काका, नवव्या पानावर काही नाही हो.' ह्यांनी पाटीवर लिहिलं, 'तुला दिसत नाही.' आल्हादने भिंग ठेवून दिलं. तो गेल्यावर मी जरा रागावलेच. म्हटलं, पोर तिकडे नोकरी सांभाळून हे करते आणि तुम्ही तिला नाही नाही ते खेळवताय, कशासाठी? ह्यांनी पाटी मांडीवर ओढली. मग लिहिलं, 'पोथी झाली की ती कशाला लिहील?'

मी पाटी पुसून टाकली.

पोस्टमनची वेळ झाली की गॅलरीत जाऊन उभे राहतात. पत्र आलं की लगेच फोडत नाहीत. आधी देवापाशी ठेवतात, जेवतात, मग फोडतात. त्या दिवशी दोन घास जास्त जातात, म्हणून मीही त्या चौकोनांना फार बोलत नाही.

तू ये. पण मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नकोस.

शैला


पुणे,
१५ सप्टेंबर २०२५

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. नववं आणि एकोणिसावं पान पुन्हा काढून पाहिलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे, काहीतरी गडबड आहेच. शिवाय मला स्वतःलाच आणखी एक दोष सापडला. अर्थाच्या मजकुरात जिथे मंत्रातला शब्द आलाय तिथे फॉन्ट बदलायला हवा, तो काही ठिकाणी बदलत नाही. ते सगळं शोधायचं म्हणजे दिवाळी उजाडेल. तुम्हीही एकेक पान सावकाश बघा. दर आठवड्याला थोडी थोडी पानं पाठवते. छापखान्याला मी सांगितलंय, घाई नाही.

दसऱ्याला चार दिवस येते आहे. सुट्टी मिळाली, दुसरं काही कारण नाही. लॅपटॉप घेऊन येते, म्हणजे समोरासमोर बसून दुरुस्त्या करता येतील.

माहेरच्या कामाचं विचारलंत. माझ्या वडिलांच्या जमिनीच्या कागदांचं काहीतरी होतं. झालं ते.

तुमची,
तेजश्री


नाशिक,
२५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. कां. तेजश्री,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वर काय लिहिले ते वाचलेस ना? पुन्हा वाच. हात चुकलेला नाही. लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलीच्या नावामागे लिहितात तेच लिहिले आहे. विहंग गेल्यावर 'सौ.' लिहायचे सोडले तेव्हा पेन कागदावर टेकून किती वेळ बसलो होतो ते तुला सांगितले नाही. आज हे लिहिताना थांबलो नाही.

तुझे वडील ऑगस्टमध्ये येऊन गेले. सरळ माणूस. म्हणाले, 'मुलीला विचारणारे एक स्थळ आहे, तिच्याच ऑफिसात आहेत, तिचे मन आहे, पण तुमच्याकडे विषय काढायला ती धजत नाही. तुमची परवानगी असेल तरच पुढे जाऊ.' मी पाटीवर लिहिले, 'मयूर?' ते चकितच झाले. चहा आणायला उठून गेलेला माणूस मी विसरलो नव्हतो. तुला सांगू नका असे मीच त्यांना बजावले. तू स्वतः लिहिशील म्हणून वाट पाहत होतो. तू जमिनीचे कागद लिहिलेस. तुला खोटे लिहिता येत नाही, पुढे प्रयत्न करू नकोस.

तूही माझ्याबद्दल ऐकले आहेस. 'काहीतरी गडबड आहेच' असे तू त्या पानांबद्दल लिहिलेस तेव्हाच समजलो, की शैलाने शपथ मोडली. त्या पानांत काही गडबड नाही, हे तुझ्याइतकेच मलाही ठाऊक. आपण दोघे मिळून एका चांगल्या फॉन्टला उगाच दोष देत बसलो. पुरे करू.

आता खरा दोष सांगतो. पान बत्तीस, खालून चौथी ओळ, पहिल्या शब्दाचे दुसरे अक्षर. त्याखाली रेघ हवी, ती नाही. पहिल्या प्रुफात तिथे रेघ दिसली नाही तेव्हा वाटले, इतर पानांसारखी तीही गळाली असेल. मग तू सगळे नीट केलेस, हजारो रेघा परत आल्या, ती एक आली नाही. हा फॉन्टचा दोष नाही. तुझ्या फाइलमध्ये ती नाहीच. विहंगने घातलीच नाही.

लहानपणापासून तो तिथे चुकायचा. ते अक्षर त्याचे नेहमी वर जायचे. मी हात छातीशी आणून दाखवायचो, तो माझ्या हाताकडे पाहत पाहत वर जायचा. मुंजीनंतरच्या पहिल्या वर्षी त्याला त्या एका ओळीसाठी संध्याकाळभर बसवले होते. रात्रीपर्यंत आले. सकाळी परत वर. मला वाटले होते, मोठेपणी सुटले असेल.

प्रत्येक प्रुफात मी ते अक्षर पाहिले आणि तांबडे पेन खाली ठेवले. नसलेले चौकोन शोधले आणि असलेली चूक झाकली. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांचे कान पिळले त्याने असे करावे. परंतु पोथी चुकीची छापता येत नाही. ती शिकून कोणीतरी म्हणेल, आणि त्याला टोकणारे कोणी नसेल.

दसऱ्याला येशील तेव्हा माझ्यासमोर ती रेघ घाल.

लग्नाचे म्हणशील तर माझ्यापायी तारीख पुढे ढकलायची नाही. मी असलो तर येईन. मंत्र आल्हाद म्हणेल, हात मी करीन. नसलो तरी मार्गशीर्षात उरकायचे. वर्षभर थांबायचे वगैरे शास्त्र कोणी काढले तर सांग, शास्त्र यज्ञेश्वरभटांना जास्त कळत होते.

मयूर यांना आशीर्वाद. त्यांना चहा कसा लागतो ते कळव, शैला विचारते आहे.

तुझा,
बाबा


पुणे,
३ डिसेंबर २०२५

ती. आई,
साष्टांग नमस्कार.

तेरावा झाल्यावर मी निघाले, त्यानंतर दोनदा फोन केला, दोन्ही वेळा आपण जेवणाखाण्याचंच बोललो. म्हणून लिहिते.

पोथी आज छापायला गेली.

दसऱ्याला मी आले होते तेव्हा आपट्याची पानं देऊन झाल्यावर बाबांनी मला बैठकीच्या खोलीत बोलावलं, ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही आत पुरण वाटत होतात. मी लॅपटॉप उघडला, फाइलमध्ये ती ओळ काढली, त्या अक्षराशी जाऊन थांबले. विचारलं, 'घालू?' त्यांनी मान हलवली. मी बोट टेकवणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं. हात किती हलका झाला होता त्यांचा. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि लॅपटॉपचं झाकण स्वतः खाली घेतलं, हळूच, आत कुणी झोपलेलं असावं तसं. मग पाटीवर लिहिलं, 'उद्या.' दुसऱ्या दिवशी मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. चारही दिवस आम्ही इतर पानं बघत बसलो. मला वाटलं, दिवाळीत बघू. दिवाळीत ते दवाखान्यातच होते.

शेवटच्या दिवशी आल्हाददादा पलंगाशी बसून म्हणत होते आणि बाबांचा उजवा हात चादरीवर हलत होता, ते आपण दोघींनी पाहिलं. आधी कपाळापर्यंत जायचा. मग खांद्यापर्यंतच. मग नुसती बोटं उचलली जायची. बोटं थांबली तरी आल्हाददादा म्हणतच राहिले. अध्याय पुरा केला त्यांनी. तुम्ही त्यांना थांबवलं नाहीत, ते फार बरं केलंत.

काल ऑफिसातून आल्यावर मी ती फाइल उघडली. घरी एकटीच होते. मयूर 'येऊ का' म्हणाले, मी नको म्हटलं. ती ओळ काढली. विहंगने ती कधी लिहिली ते फाइलमध्ये दिसतं. अपघाताच्या आदल्या आठवड्यातली होती. मी खूप वेळ त्या अक्षराकडे बघत बसले. मनात आलं, एवढं एक अक्षर राहू दे त्याचं. कुणाला कळणार आहे? आल्हाददादा सोडून कुणालाच नाही.

मग बाबांचं वाक्य आठवलं, की टोकणारं कोणी नसेल. आणि रेघ घातली. पीडीएफ काढली, छापून पाहिली. रेघ अक्षराखाली बरोबर बसली आहे. आता पोथीत दोष नाही.

आई, लग्न १२ तारखेला आहे. नोंदणी, आणि घरातली चार माणसं. बाबांनी सांगून ठेवलं होतं म्हणून आल्हाददादा मंत्र म्हणायला येणार आहेत. तुम्ही या असं म्हणायची माझी हिंमत होत नाही. आणि न म्हणता राहवतही नाही.

तुमची,
तेजश्री


नाशिक,
२० जानेवारी २०२६

चि. सौ. तेजश्री हीस शैलाचे अनेक आशीर्वाद.

लग्नाला आले नाही. तू वाट बघितलीस, असं आल्हाद म्हणाला. पुढच्या रांगेतली एक खुर्ची शेवटपर्यंत कुणाला बसू दिली नाहीस म्हणे.

रागावले नाही गं. तुझ्याशी खोटं बोलायचं असतं तर नुसता आशीर्वाद पाठवून मोकळी झाले असते. मी निघाले होते. साडी नेसून तयार झाले, आल्हादची बायको रिक्षा घेऊन खाली उभी होती. कुलूप लावताना वाटलं, मी तिथे बसेन आणि तुझ्याकडे बघण्याऐवजी तुझ्याशेजारी कोण नाही तेच बघत राहीन. तुझ्या चांगल्या दिवशी असा चेहरा घेऊन कशाला यायचं? परत आत गेले.

संक्रांतीला येऊ का म्हणून विचारलं होतंस, उत्तर द्यायला मी उशीर केला. इतक्यात नको येऊस. तुझ्या गळ्यात दुसरं मंगळसूत्र बघायची माझी अजून तयारी नाही. होईल. मी स्वतःला रोज थोडं थोडं सांगते. मयूर चांगले आहेत, आल्हादने चारचारदा सांगितलं. जरा उन्हं तापू देत, मग दोघं या. तोवर पत्र लिही. मला ह्यांच्यासारखं लिहिता येत नाही, तरी उत्तर देत जाईन.

पोथ्या आल्या. खोका आल्हादने उघडला. छान दिसते. मला वाचता येते पण म्हणता येत नाही, म्हणून त्याला म्हटलं, थोडं म्हणून दाखव. तो सतरंजीवर बसला, ह्यांच्या जागेसमोर. जागा रिकामीच होती, तरी तिकडेच तोंड करून बसला. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. नेहमी तिथूनच ऐकत आले ना मी. विहंग आठ वर्षांचा असल्यापासून.

बराच वेळ म्हणत होता. आणि मग एका ओळीत त्याचा आवाज खाली गेला, तशी मी आतूनच ओरडले, 'चुकलास!'

आल्हाद थांबला. म्हणाला, 'नाही काकू. हेच बरोबर आहे. इथे विहंग चुकायचा.'

मी बाहेर आले. त्याने पोथी पुढे केली आणि अक्षराखालची रेघ दाखवली. तू घातलेली.

तेजू, मला कधी कळलंच नाही गं. हे रोज त्याच ओळीला त्याला थांबवायचे, तेव्हा मला वाटायचं, ह्यांना उगाच खोड आहे, पोर एवढं छान म्हणतंय. माझ्या कानात ते वर गेलेलंच बसलंय. ती ओळ तशीच असते असं मी इतकी वर्षं धरून चालले.

आल्हादला म्हटलं, 'एकदा त्याच्यासारखं म्हण ना.' त्याने पोथी मिटली, मांडीवर ठेवली. बिचाऱ्याचे डोळे भरले होते. म्हणाला, 'काकू, तसं मला नाही म्हणता येणार.' बरोबरच आहे त्याचं. ह्यांनी शिकवलेला तो.

तो गेल्यावर मी सतरंजी गुंडाळली आणि स्वतःच म्हणून पाहिलं. मला कुठलं येतंय? तो एक शब्द येतो. त्यातलं दुसरं अक्षर वर जातं, अगदी त्याच्यासारखं. आणि पुढचं काही आठवत नाही.

तुझी,
आई